डबक्यातला ढग आणि सतरा फ्रेम

वळण आलं आणि चष्मेवाल्यांची गाडी हवेत थिजली. पुढची चाकं रस्त्यावर, मागची रस्त्यापासून वीतभर वर, आणि बाजूच्या डबक्यात एक ढग इतका सुरेख उतरलेला की नुसतं बघत राहावं. बघत राहण्यावाचून इलाजही नव्हता, कारण पडदा हलायचं नाव घेत नव्हता. तो हलला तेव्हा मेहुण्याची लाल गाडी सुळकन पुढे गेली होती आणि चष्मेवाले कठड्यावर आपटून उताणे पडले होते.

"भाऊजी, सलग पाचवा रविवार!" आपल्या घरी बसलेला मेहुणा हेडफोनमधून किंचाळला. "अहो, सेटिंग लो वर टाका की. किती वेळा सांगू?"

"लो वर टाकायला मी काय आंधळा आहे?" चष्मेवाले कडाडले आणि त्यांनी हेडफोन टेबलावर आदळला.

त्यांचा संताप अगदीच चुकीचा होता असं नाही. पडद्यावरचा खेळ म्हणजे भराभर बदलणारी चित्रं, म्हणजेच फ्रेम. सेकंदाला साठ आली तर गाडी पळते, सतरा आली तर उचक्या देते. चित्र जितकं देखणं, तितके ते काढायला यंत्राला कष्ट. म्हणून सावल्या, गवत, पाण्यातली प्रतिबिंबं कमी-जास्त करायची सोय खेळातच दिलेली असते. चष्मेवाल्यांनी सगळं 'अल्ट्रा'वर, म्हणजे वरच्या टोकाला ठेवलं होतं. मेहुण्याने सगळं खालच्या टोकाला. त्याची झाडं म्हणजे काठीवर ठेवलेले हिरवे खोके, त्याचं आकाश म्हणजे भिंतीला दिलेला निळ्या रंगाचा हात. आणि असल्या जगात गाडी हाकणारा माणूस दर रविवारी जिंकत होता! सव्वीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवून लोकांना नीट दिसावं म्हणून झटलेल्या माणसाने हे सहन तरी कसं करायचं?

एवढ्यावर भागलं असतं तर घर शांत राहिलं असतं. पण त्याच आठवड्यात सासऱ्यांनी नवी गाडी घेतली होती. सासरे म्हणजे चौतीस वर्षं बस चालवून, बसला एक ओरखडा न पडू देता निवृत्त झालेला माणूस. गाडी दारात आली आणि नेमकं त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दीड महिना स्टिअरिंगला हात लावायची बंदी केली. इकडे डोंगरापलीकडे राहणाऱ्या थोरल्या बहिणीला गाडी दाखवायला यायचा शब्द ते देऊन बसलेले. मग गाडी चालवणार कोण, मुलगा की जावई?

"मी घरचा मुलगा आहे," मेहुणा म्हणाला.

"मी वीस वर्षं चालवतोय," चष्मेवाले म्हणाले. हे खरं होतं. फक्त त्या वीस वर्षांत ते महिन्यातून दोनदा चालवत. दुकान घराखालीच असल्यामुळे त्यांना गाडी लागायची नाही. रोज गाडी घेऊन दवाखान्यात कामाला जायची ती त्यांची बायको. मात्र दोघं मिळून कुठे निघाले की स्टिअरिंग आपोआप चष्मेवाल्यांकडे यायचं, आणि यात काही विशेष आहे असं कुणालाच वाटत नसे.

भांडण ऐकून सासरे कंटाळले. "तुम्ही दोघं तो गाड्यांचा खेळ खेळता ना? येत्या रविवारी माझ्यासमोर खेळा. मी बघतो आणि किल्ली कुणाला द्यायची ते ठरवतो."

झालं! पाच रविवारांचा अपमान एका फटक्यात धुऊन काढायची संधी. आणि तीच कायमची नाचक्की व्हायचीही. सोमवारी संध्याकाळी चष्मेवाल्यांनी बायकोला पडद्यासमोर खुर्चीत बसवलं. माणसाला जे काम येतं त्याच पद्धतीने तो जग दुरुस्त करायला जातो.

"सरळ समोर बघ. हनुवटी वर. आता सांग, एक..." त्यांनी सावल्या 'अल्ट्रा'वर ठेवल्या, "...की दोन?" त्यांनी त्या 'मीडियम'वर आणल्या.

"दोन्ही सारखंच."

"नीट बघ. एक... की दोन?"

"अहो, दोन्ही सारखंच! गाडी आहे, रस्ता आहे, झाड आहे. आणखी काय दिसायला हवं?"

"अगं, दोनमध्ये सगळं पुसल्यासारखं दिसतंय! पानं दिसत नाहीत, पाट्या वाचता येत नाहीत. याला मीडियम म्हणतात? हा तर मोतीबिंदू आहे!"

"मला वाचता येतायत पाट्या. तुम्ही चष्मा लावा."

चष्मेवाल्यांचं वय एकोणपन्नास होतं. रस्त्यावरच्या निम्म्या घरांना त्यांनीच चाळिशीचे चष्मे दिले होते, आणि देताना प्रत्येकाला 'यात लाजायचं काय?' असं वर ऐकवलंही होतं. पण स्वतः मात्र बिलं हात लांब करून वाचायचे आणि छापखान्यांना शिव्या घालायचे.

"मला? मला चष्मा?" ते म्हणाले. "डोळे तपासणाऱ्याला तू डोळे शिकवतेस?"

मग बायको उठून गेली आणि चष्मेवाल्यांनी एकट्याने तडजोडी सुरू केल्या. गवत कमी केलं, दोन फ्रेम वाढल्या. पण गवत नसलेल्या डोंगराकडे बघवेना, म्हणून गवत परत लावलं आणि धूर कमी केला. धुराविना गाडी बंद पडल्यासारखी वाटायला लागली. डबक्यातला ढग काढायचा तर प्रश्नच नव्हता. बुधवारपर्यंत सगळं हलवून, चिमटून, परत जागेवर ठेवून फ्रेम सतरावरून एकोणीसवर पोचल्या होत्या आणि चष्मेवाल्यांचं पित्त डोक्यावर.

गुरुवारी त्यांनी ठरवलं की दोष उष्णतेचा आहे. त्यांनी यंत्राच्या डब्याची एक बाजू स्क्रू काढून उघडली आणि समोर टेबलफॅन लावला. त्या वाऱ्याने दुकानातून वर आणलेले गिऱ्हाइकांच्या नंबरांचे कागद घरभर उडाले. ते गोळा करताना कोणता कागद कुणाचा हे कळेना, कारण नावं बारीक अक्षरांत होती. म्हणून शुक्रवारी गिऱ्हाइकांना पुन्हा बोलवावं लागलं. पहिल्या आल्या त्या निवृत्त मुख्याध्यापिका. आयता तिसरा माणूस मिळाला म्हणून चष्मेवाल्यांनी त्यांना थेट वरच नेलं.

"बाई, सांगा बरं. गवत एक... की गवत दोन?"

बाईंनी वीस मिनिटं इमानाने गवत बघितलं. मग पर्स काखेला लावत त्या उठल्या. "मी शाळेत छत्तीस वर्षं काढली, पण असा अभ्यास कुणाला दिला नाही. गवत हललं काय, न हललं काय! माझ्या चष्म्याचं काय ते सांगा."

"म्हणजे दोन्ही सारखंच?"

"दोन्ही सारखंच!" बाई जिन्यावरून ओरडल्या.

साऱ्या जगाची नजरच बिघडली आहे अशी चष्मेवाल्यांची खात्री पटली.

रविवारी दुपारी मेहुणा आपलं यंत्र आणि पडदा घेऊन हजर झाला. तो कुरिअरच्या ऑफिसात काम करायचा आणि पाच मिनिटं वाचवायला काहीही करायचा. जेवणाच्या टेबलावर दोन पडदे शेजारी शेजारी लागले. सासरे काळा चष्मा काढून मधोमध बसले, हात छातीवर बांधून, बसचे उतारू मोजावेत तसे दोन्हीकडे बघत.

सरावाच्या फेरीतच चष्मेवाले वळणावर थिजले. मेहुणा खुदकन हसला.

"हसू नकोस! तुझ्या झाडांना फांद्यासुद्धा नाहीत!"

"पण माझी गाडी पळते, भाऊजी."

मेहुण्याच्या स्पीकरसाठी एक प्लग कमी पडत होता, म्हणून बायको टेबलफॅन काढायला टेबलाखाली वाकली. डब्याची बाजू अजून उघडीच होती. ती बराच वेळ वाकूनच राहिली.

"अहो, हे जाडजूड आहे ते ग्राफिक्स कार्डच ना? चित्रं काढतं ते?"

"हो. चार महिन्यांपूर्वी मी स्वतः बसवलंय. हात लावू नकोस."

"मग याची चारही भोकं रिकामी का? पडद्याची वायर तर वर दुसरीकडेच लावलीय."

"तिथंच लावायची असते."

"कार्डावर चिठ्ठी चिकटवलीय," बायको म्हणाली आणि तिने टेबलाखालून मोठ्याने वाचलं, "'पडद्याची वायर याच कार्डात लावा. अन्यथा कार्डाचा उपयोग होणार नाही.' तुम्ही वाचली नव्हती?"

चष्मेवाल्यांनी वाचली नव्हती. ती चिठ्ठी मुंगीएवढ्या अक्षरांत होती. त्यांना तो नक्षीचा पट्टा वाटला होता. चार महिने ते कार्ड डब्यात नुसतं बसून होतं, आणि त्याचं काम एक बिचारी चिमुकली चिप छाती फुटेस्तोवर करत होती.

यंत्र बंद केलं, वायर हलवली, यंत्र चालू केलं. कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा वाचायला चष्मेवाले मागे सरकले, मग पुढे सरकले. बायकोने दुकानातली एक चाळिशी त्यांच्यापुढे धरली.

"नमुना म्हणून बघतो," असं म्हणत त्यांनी ती लावली. आकडा ब्याण्णव होता. शिवाय पाट्या वाचता येत होत्या. कुतूहल म्हणून त्यांनी सगळं 'मीडियम'वर आणून बघितलं. पाट्या तरीही वाचता येत होत्या. त्यांनी घाईघाईने सगळं परत 'अल्ट्रा'वर नेलं.

शर्यत सुरू झाली. चष्मेवाल्यांची गाडी लोण्यातून जावी तशी निघाली. पहिल्या फेरीत मेहुणा मागे, दुसऱ्या फेरीत आणखी मागे. मेहुण्याचं हसू मावळलं. "वायरमुळे! नुसत्या वायरमुळे!" तो पुटपुटत होता. शेवटच्या फेरीत ते वळण आलं आणि चष्मेवाल्यांना डबकं दिसलं. चार महिने त्यांनी त्या डबक्याचा फोटो पाहिला होता; आज ते हलत होतं! पाण्यावर बारीक लाटा होत्या, ढग सरकत होता, त्यातून एक पक्षी गेला.

"अगं, बघ, बघ! पक्षी!" ते ओरडले आणि कठडा तोडून थेट खालच्या नदीत गेले.

तेवढ्यात मेहुण्याने बाजाराचा रस्ता वाचवायला गाडी फुटपाथवर चढवली, सरळ रेषेत पलीकडे काढली आणि पहिला आला. "जिंकलो!" त्याने दोन्ही हात वर केले. "बाबा, किल्ली!"

सासरे हलले नाहीत. ते नदीत बुडालेल्या जावयाच्या पडद्याकडे बघत होते. तिथे मेहुण्याचा शेवटचा टप्पा पुन्हा दाखवला जात होता. फुटपाथवर भाजीवाले होते, काठी टेकत जाणारा म्हातारा होता, बाबागाडी ढकलणारी बाई होती. लाल गाडी त्या सगळ्यांतून आरपार गेली. त्यांनी मान वळवून मुलाच्या पडद्याकडे बघितलं. तिथे फुटपाथ स्वच्छ, रिकामा.

"तुझ्याकडची माणसं कुठं गेली?"

"मी बंद केली, बाबा."

"काय केलीस?"

"सेटिंग असतं तसं. गर्दी बंद केली की सात-आठ फ्रेम वाढतात."

सासरे उभे राहिले. चौतीस वर्षांत बसमधल्या कुणी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "माणसं बंद केली? वेळ वाचवायला? अरे, माणसांसाठीच थांबायचं असतं रस्त्यावर! मी आयुष्यभर ब्रेकवर पाय ठेवून जगलो आणि तू रस्त्यावरची म्हातारी माणसं पुसून टाकलीस?"

"बाबा, खेळ आहे तो—"

"आणि तुम्ही, जावईबापू!" सासरे तिकडे वळले. "तुम्हाला डबक्यातला पक्षी दिसतो, समोरची नदी दिसत नाही. याला लोक दिसत नाहीत आणि तुम्हाला रस्ता. माझी नवीकोरी गाडी मी कुणाच्या हातात देऊ?"

टेबलाजवळ बायको वायर गुंडाळत उभी होती. सासऱ्यांनी खिशातून किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली. "हिला निदान चिठ्ठी वाचावीशी वाटली."

बायकोने किल्लीकडे बघितलं. तिला आनंद झाला, पण त्याआधी राग आला. "मी रोज गाडी चालवते, बाबा. अकरा वर्षं. आठवडाभर तुम्ही तिघं डोकं फोडत होतात, एकाला तरी सुचलं का मला विचारायचं?"

तिघांनीही तीन वेगवेगळ्या दिशांना बघितलं.

पुढच्या शनिवारी सकाळी गाडी डोंगराला लागली. मागच्या सीटवर चष्मेवाले आणि मेहुणा, मध्ये बॅग. चष्मेवाल्यांच्या नाकावर चाळिशी होती. गिऱ्हाइकांना सवय व्हावी म्हणून लावतो, असं त्यांनी आपण होऊन दोनदा सांगितलं होतं. बायको वळणं घेत होती ती अशी की बॅगेवर ठेवलेली पाण्याची बाटलीसुद्धा कलंडली नाही. एक म्हातारा रस्ता ओलांडत होता, तर ती तो पार पलीकडे पोचेपर्यंत थांबली. मेहुण्याने फक्त घड्याळ बघितलं. पुढच्या सीटवर सासऱ्यांनी डोळे मिटले होते. दुसरं कुणी गाडी चालवत असताना ते कधी झोपत नाहीत, हे सगळ्या घराला माहीत होतं.

"अहो," बायकोने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "सरळ समोर बघा. हनुवटी वर. तुम्ही चालवता ते चांगलं, की मी चालवते ते? एक... की दोन?"

चष्मेवाल्यांनी चाळिशी काढली, पुसली, परत लावली आणि खिडकीबाहेर बघितलं.

"दोन्ही सारखंच," ते म्हणाले.

"दोन," सासरे डोळे न उघडता म्हणाले.