जाधवकाकांचा निळा-गुलाबी अंदाज

रविवार, ६ एप्रिल, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. काळाचौकीतल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत चार बायका साबुदाण्याचे पातेले घेऊन एका कागदी फुलाच्या निकालाची वाट पाहत उभ्या होत्या. जाधवकाकांनी हे फूल कोबाल्ट क्लोराइडमध्ये भिजवून टांगले आहे. हवा कोरडी असली की ते निळे होते, दमट असली की गुलाबी. निळे झाल्याशिवाय पापड्या घालायच्या नाहीत, असा काकांचा दंडक आहे.

"जांभळट आहे," काका म्हणाले. "निर्णय राखून ठेवलाय."

"तुमच्या फुलाक इचारून इचारून साबुदाणो घट्ट झालो!" सावंतमावशी कडाडल्या.

काका गिरगावातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. दरवर्षी तेच व्याख्यान दाराआडून ऐकून त्यांनी एक नियम आत्मसात केला: समतोलावर ताण आला, की तो ताण हलका होईल त्या बाजूला सरकतो. हा नियम त्यांनी अख्ख्या चाळीला लावला. "घरात सून आली, दाब वाढला. सासरा गॅलरीत सरकणार. बरोबर ना, मॅडम?" मॅडम म्हणजे मी; मी रसायनशास्त्रात संशोधन करते. उत्प्रेरकाने समतोल सरकत नाही, तो फक्त लवकर साधतो, हे मी त्यांना एकदा सांगितले. त्यावर ते तत्काळ उद्गारले, "म्हणजे सावंतमावशी! त्या भांडणात पडल्या तरी निकाल तोच, फक्त लवकर लागतो."

त्याच दिवशी दुपारी काकांनी माझे दार ठोठावले. काकींची फुप्फुसे हिवाळ्यापासून अशक्त आहेत आणि आता त्यांना धाप आवरत नव्हती. घरातले ऑक्सिजनचे यंत्र सुरू होते. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, "अर्ध्या तासात रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा नव्वदपर्यंत गेला नाही, तर शीवच्या रुग्णालयात दाखल करू."

मी काकींच्या बोटाला ऑक्सिजनचा मापक लावला. काका भिंतीकडे तोंड करून बसले.

"काका, ऑक्सिजन वाढवलाय. रक्तातला समतोल कुठे सरकणार?"

"पुस्तकातलं उत्तर येतं मला," ते म्हणाले. "तू बघ. मोठ्याने वाचू नकोस, नुसतं लिही."

"अहो, इकडे बघा," काकी धापांमधून म्हणाल्या. "आकडा चावत नाही."

काका वळले नाहीत. हात मात्र मागे नेऊन त्यांनी काकींचे पाऊल घट्ट धरले.

मी लिहीत गेले. १२.०५, शहाऐंशी. १२.१५, सत्त्याऐंशी. १२.२५, एकोणनव्वद. मग शेवटची ओळ लिहून मी वही काकांच्या मांडीवर ठेवली. १२.३५, ब्याण्णव.