भीम काही बुडू देईना

जयनगरातल्या त्या घरात पंख्याचं वारं एकाच जागी नीट लागायचं आणि नेमका तिथेच भीम पसरलेला असायचा. बँकेतून निवृत्त झालेले सुधींद्रराव त्याला ओलांडून वर्तमानपत्राकडे जाताना रोज बायकोला ऐकू जाईल असं पुटपुटायचे, "तिकडचा कुत्रा इकडं, आमचा पोरगा तिकडं. हा कसला व्यवहार, वसू?"

भीम न्यूफाउंडलंड जातीचा. कॅनडातल्या त्या नावाच्या थंड बेटावर कोळी लोक हे कुत्रे बाळगत. वासराएवढं अंग, बदकासारखी कातडीने जोडलेली बोटं. जाळी ओढायची आणि कुणी होडीतून पडलं की न सांगता उडी मारून त्याला काठाला आणायचं, हे त्यांचं पिढीजात काम. मुलाने, रविकिरणने, तो हौसेने आणला आणि वर्षाच्या आत स्वतःच कॅनडाला नोकरीवर गेला.

"आपल्याकडं नळाला कावेरी दिवसाआड येते. ह्याला समुद्र कुठनं आणू?" असं म्हणत सुधींद्ररावांनी शेवटी शहराबाहेर देवनहळ्ळीला राहणाऱ्या आपल्या मित्राला, प्राणेशला, फोन केला. त्याचं शेत होतं, शेतात तळं होतं. रविवारी येऊन नेतो, म्हणाला. त्या दिवसापासून वसुमतीबाईंचं जेवणात लक्ष नव्हतं.

मध्ये गणपतीचं विसर्जन आलं. भीम घरी एकटा राहिला की गळा काढायचा, म्हणून त्यालाही तळ्यावर न्यावं लागलं. वीतभर मूर्ती घेऊन सुधींद्रराव विसर्जनाच्या कुंडात कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि गरजले, "पुढच्या वर्षी लवकर या!"

मागे धप्पकन आवाज झाला. भीमाने त्यांची बाही अलगद दातांत धरली आणि मूर्तीसकट त्यांना काठाला आणून बसवलं.

"लवकर या म्हणालात, आले की!" शेजारच्या भाग्यलक्ष्मीअक्का म्हणाल्या.

"अक्का, स्वल्प गप्प बसता का?"

दुसऱ्या खेपेला वसुमतीबाईंनी भीमाची साखळी तीन धट्ट्याकट्ट्या तरुणांच्या हाती दिली. भीम निघाला, तसे तेही निघाले. चौघांनी मिळून सुधींद्ररावांना पुन्हा वाचवलं. मागच्या रांगेत सगळ्यांचे गणपती खोळंबले आणि मोबाइल वर झाले.

"अण्णा, मूर्ती इकडं द्या, आम्ही सोडतो," रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"नको. आमच्या घरचा गणपती मीच सोडणार!"

"मग त्याला बरोबरच घेऊन जावा," वसुमतीबाई म्हणाल्या. "तुम्ही बुडताय असं वाटतंय त्याला. धरून गेलात की सरी, झालं."

दुसरा इलाज नव्हता. एका हातात गणपती, दुसऱ्या हातात भीमाच्या मानेचे केस, अशी वरात पाण्यात शिरली. भीम आता शहाण्यासारखा पोहत होता. मूर्ती सोडायला सुधींद्रराव वाकले आणि शेवाळावरून त्यांचा पाय सटकला. खालची पायरी सापडेना. मूर्ती हातातून सुटून तळाला गेली, नाकातोंडात पाणी गेलं. मुठीतले केस मात्र सुटले नाहीत. भीम वळला आणि काही घडलंच नाही अशा थाटात त्यांना पायरीवर घेऊन आला. काठावर टाळ्या पडल्या. कुणाला काही कळलं नव्हतं.

"बघा, किती सोपं होतं," वसुमतीबाई म्हणाल्या. सुधींद्रराव खोकले फक्त.

घरी आल्यावर ओल्या धोतरानेच त्यांनी फोन लावला. वसुमतीबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"प्राणेश, रविवारी नको येऊस रे. कुत्रा देण्यासारखा नाही. हट्टी आहे, सांगितलेलं ऐकत नाही. एकदा माणसाला धरलं की सोडतच नाही बघ."

फोन ठेवून त्यांनी आपला धुतलेला पंचा घेतला आणि जमिनीवर बसून आधी भीमाचे कान पुसायला लागले.