डाळिंबसालीची मोहीम

सावध चित्ते ऐकावे. आत्याबाईसाहेबांनी डाळिंबाचे सालीची अब्रू कैसी राखिली, तो मजकूर जैसा घडला तैसाच लिहिला असे. पदरचे काही घातले नाही.

आत्याबाई म्हणजे टेलिफोन खात्यात तीस वर्षे कानास यंत्र लावून हजारो माणसांची बोलणी जोडून देणाऱ्या मातबर बाई. आवाज ऐसा खणखणीत, की साहेबलोकही खुर्चीत ताठ बसत. तो आवाज सुकल्या डाळिंबसालीचे काढ्याने राखिला, ऐसा त्यांचा पक्का ऐतबार. निवृत्त होऊन भाचीचे घरी मुक्कामास आल्या, तो सालीची बरणी संगे आणिली, आणि मग चार मजल्यांत कोणाचा घसा बसला की आत्याबाईंकडून पुडी रवाना व्हावी, ऐसा शिरस्ता पडला.

ऐसे असता तळमजल्याचे औषध दुकानदार यांणी भर जिन्यात, चौघांदेखत, उद्गार काढिला की, "आत्या, या सालीनं फार तर बूट चमकतील." चौघे खो खो हसले, आणि दुसरे दिवसापासून पुडी मागावयास कोणी येईना. आत्याबाई बहुत दिलगीर जाहल्या. बरणी कपाटावर चढविली, आमटीत मीठ दोनदा पडले, आणि जन्मभर लोकांची बोलणी जोडिली त्या बाई घरात हूं की चूं करीनात.

भाची कॉलेजचे प्रयोगशाळेत जंतू पाळण्याचे कामावर होती. तिणे तीन दिवस हा अबोला सोसला, आणि मग फर्मान सोडिले की, "आत्या, बरणी काढ. काय ते काचेत बघू."

"आणि मी खोटी ठरले तर?"

"तर तसं लिहीन."

आत्याबाई स्टुलावर चढल्या आणि बरणी हवाली केली.

मग भाचीने काचेच्या बशीत घसा धरणाऱ्या जंतूंची छावणी वसविली, सालीची भुकटी थंड पाण्यात कालविली, टिपकागदाची टिकली त्यात भिजवून छावणीचे मध्यभागी रोविली, आणि बशी उबदार पेटीत दिवसभर कोंडिली. पेटी उघडिली तो गनीम टिकलीस खेटून मजेत नांदतो आहे! सपशेल शिकस्त जाहली. भाची खाल मानेने घरी आली. आत्याबाईंनी साद्यंत वृत्तांत ऐकिला, आणि कपाळावर हात मारिला.

"थंड पाण्यात? अगं शहाणे, निम्मं पाणी आटेपर्यंत उकळायचं! चहा तरी थंड पाण्यात करतेस का?"

येणेप्रमाणे मसलत फिरली. आत्याबाई खासा प्रयोगशाळेत दाखल जाहल्या, काढ्याचे पातेल्यापाशी ठाण मांडून बसल्या, आणि पाणी बरोबर निम्मे होईतो कोणास झाकण उचलू दिले नाही. मग सहा बशा सिद्ध केल्या. प्रत्येकीत एक टिकली काढ्याची, एक निव्वळ पाण्याची, एक दुकानचे औषधाची.

दुसरे दिवशी पेटी उघडिली. पाण्याचे टिकलीभोवती गनीम जैसा होता तैसाच. परंतु काढ्याचे टिकलीभोवती स्वच्छ, निर्मळ कडे पडिले होते; त्यात जंतू औषधालाही उरला नव्हता. भाचीने पट्टी लाविली. साही बशांत नऊ मिलिमीटर. आत्याबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

मग जिन्यात लावावयाचा अहवाल लिहावयाची वेळ आली. दुकानचे औषधाचे कडे सोळा मिलिमीटर भरले होते, आणि माणसाचे घशात काढा काय करितो, हे तो कोणी पाहिलेच नव्हते. भाचीची लेखणी अडखळली, म्हणाली, "एवढं जिन्यात कशाला सांगायचं?"

आत्याबाईंनी हुकूम केला की, "सगळं लिही. अर्धं दडवलं, तर उरलेलं खरंही खोटं ठरेल."

तो कागद जिन्यात लागला. दुकानदार यांणी तो दोन वेळा वाचिला, आणि वर येऊन दारातच म्हणाले, "आत्या, चुकलो मी. ते सोळा दुसऱ्या कुणीही लपवले असते."

"बसा, चहा टाकते," ऐसे आत्याबाई बोलिल्या, तो आवाज चौथे मजल्यापासोन तळमजल्यापावेतो ऐकू गेला.

येणेप्रमाणे डाळिंबसालीची फत्ते जाहली. मुलूख हस्तगत नऊ मिलिमीटर. त्याहून तसूभर अधिक सांगितला नाही, हीच या मोहिमेची कीर्ती. बहुत काय लिहिणे.