कार्ड कुणाच्या नावावर आहे?

'त्यात काय एवढं,' असं मी म्हणालो, तिथेच चुकलं. आणि तेव्हापासून माझं डोकं जे तापलंय ते अजून उतरलेलं नाही.

आधी माझं काम सांगतो. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मी तक्रारींच्या खिडकीवर बसतो. बावीस वर्षं लोक माझ्यावर ओरडताहेत आणि बावीस वर्षं मी त्यांना एकच सांगतोय, बाबांनो, ओरडा, पण तक्रार नीट करा. नाव, पत्ता, मीटरचा नंबर, सगळं पूर्ण द्या. लोक काय देतात? "आमच्या तिकडे पाणी नाही." तिकडे म्हणजे कुठे? (माझ्या डोक्यात?) अर्धवट तक्रार बघितली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

तर सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि प्लास्टरसकट आमच्याकडे आल्या. मुक्काम दोन महिने. त्यांचा पलंग हॉलमध्ये टीव्हीसमोर टाकला. सासूबाईंची नजर भारी तीक्ष्ण. ती टीव्हीवर असेपर्यंत घरात शांतता. तिथून हलली की थेट माझ्यावर. मग चहाचा कप कुठे ठेवलात, बनियन उलटं का घातलंत, माणूस इतका वेळ पेपरात काय वाचतो, सगळ्याची चौकशी. तेव्हा टीव्ही चालू राहणं ही माझी करमणूक नव्हती, संरक्षण होतं.

त्यांना बघायला एका रविवारी मेहुणा आला आणि समोरच्या दाराचे निवृत्त हेडमास्तरही आले. हेडमास्तर पायाची चौकशी करता करता अर्धा तास टीव्हीच बघत बसले. आपल्या डिशवर ही चॅनेलं दिसत नाहीत, असं दोनदा बोलून दाखवलं. मेहुण्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि चालू असलेली वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवतात. तो म्हणाला, चित्र तर सगळ्यांच्याच डिशवर येतं, फक्त कुलूप लावून. किल्ली तुमच्या बॉक्समधल्या कार्डात आहे. ते कार्ड दर काही सेकंदांनी नवी किल्ली काढतं. मी एक डबा बसवतो, तो किल्ली नेटवर्कवरून हेडमास्तरांच्या बॉक्सला देईल. कार्ड एक, घरं दोन.

तेव्हा मी ते 'त्यात काय एवढं' म्हणालो. बायको म्हणाली, "आणि कंपनीला कळलं तर?"

"कंपनीला सांगायला कोण जाणार आहे?" मी म्हणालो. (हे वाक्य जरा लक्षात ठेवा. बायकोने ठेवलंय.)

चार दिवस बरे गेले. मग वरच्या मजल्यावरच्या बँकेतल्या बाई आल्या, त्यांनाही दिलं. नाही म्हणायला मला कधी जमलेलं नाही. खिडकीवर मी एवढंच म्हणतो, की लिहून द्या. आणि त्यानंतर माझ्या घरातच खिडकी उघडली. सकाळी दात घासत असताना हेडमास्तर दारात. तुमचं कार्ड आज सुस्त आहे, म्हणे. बँकेतल्या बाई जिन्यात अडवून विचारायच्या, काल सव्वासातला चित्र का गेलं. दिवसभर कचेरीत लोकांच्या तक्रारी ऐकून यायचं आणि घरी फुकट्यांच्या ऐकायच्या! त्यातून रोज संध्याकाळी पाचला बायको बॉक्सचा प्लग काढून तिथे इस्त्री लावायची, की तिन्ही घरं काळी. घरात दुसरा प्लग आहे. तो तिला आवडत नाही.

पुढे भलतंच सुरू झालं. दर दोन मिनिटांनी चित्र थिजायचं. मालिकेतली सून तोंड उघडून तशीच, आणि सासूबाईंची मान सावकाश माझ्याकडे वळायची. मेहुण्याला फोन केला तर म्हणाला, कार्डावर भार जास्त पडतोय, आणखी कुणीतरी किल्ली खातंय. त्या डब्याचा पासवर्ड कुणाला दिलात का, विचारलंन. मी कशाला देतोय?

त्याच आठवड्यात माझी दाढ ठणकायला लागली. कचेरीतून लवकर निघून तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडे जाऊन बसलो. समोर भिंतीवर टीव्ही, टीव्हीवर आमचीच चॅनेलं. पाच वाजले आणि चित्र गेलं. मी काही बोलायच्या आत तिथली नर्स सगळ्यांना म्हणाली, "पंधरा मिनिटांत येईल. वरच्यांची बायको इस्त्री करतेय."

दाढ विसरलो मी! डॉक्टरला बाहेर बोलावून विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, हेडमास्तरांनी दिला पासवर्ड, त्यांची कवळी बसवली ना आपण. म्हणजे कार्ड माझं, कवळी हेडमास्तरांची आणि टीव्ही याचा. अहो, आम्ही तिघं करत होतो ती शेजारधर्माची वाटणी होती. हा करत होता ती शुद्ध चोरी. (फरक आहे. मला तेव्हा अगदी स्वच्छ दिसत होता.)

इस्त्री झाली, चित्र आलं आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक बारा आकडी नंबर चमकून गेला. अधूनमधून आमच्याकडेही तो यायचा, पण कोण लक्ष देतो? कंपनी चोर पकडायला असले नंबर दाखवते, हे मी ऐकून होतो. म्हटलं, बेट्या, सापडलास. पुन्हा चमकला तेव्हा चिठ्ठीवर उतरवून घेतला, एकेक आकडा तपासून, आणि दाढ तशीच घेऊन वर आलो.

सासूबाईंच्या देखत कंपनीला फोन लावला. बावीस वर्षांत मी स्वतः केलेली ही पहिली तक्रार. कशी असावी तक्रार, हे त्या पोरीला कळू दे म्हटलं. माझं नाव सांगितलं, इमारत, मजला, दार. चोर तळमजल्यावर, दाराला दाताचं चित्र. नेटवर्कवरून किल्ली पळवतो. साक्षीदार नर्स. आणि पडद्यावरचा नंबर बारा आकडी, लिहून घ्या. तिने घेतला. एवढी संपूर्ण माहिती आजवर कुणी दिली नव्हती, म्हणाली. माझा ऊर भरून आला.

"आता या नंबराचं कार्ड कुणाच्या नावावर आहे तेवढं सांगा," मी म्हणालो, "आणि तडकाफडकी बंद करा."

तिने नाव वाचलं. मग पत्ता वाचला. इमारत, मजला, दार.

"बंद केलंय, सर," ती म्हणाली. "या पत्त्यावर आता पुन्हा कनेक्शन मिळणार नाही. आणखी काही मदत?"

सासूबाईंच्या समोरची सून तोंड उघडून थिजली ती कायमची. चार घरं एकदम काळी झाली. दोन मिनिटांत दारात हेडमास्तर, बँकेतल्या बाई आणि हातमोज्यांसकट डॉक्टर. तिघांची एकच तक्रार होती आणि तीही अर्धवट. मेहुणा तेव्हापासून फोन उचलत नाही. बायको इस्त्री करत राहिली, दुसऱ्या प्लगवर.

आता संध्याकाळी टीव्ही नाही. सासूबाईंना उशीला टेकून बसवतो, त्या माझ्याकडे बघतात. मी बूट काढतो, बघतात. मी चष्मा शोधतो, बघतात. चष्मा कपाळावर असतो, तेही बघतात, पण सांगत नाहीत. प्लास्टर कालच निघालं, तरी अजून महिनाभर राहते म्हणाल्या. त्यांच्या बहिणीचा फोन आला होता. टीव्हीशिवाय कंटाळा येत असेल नाही, असं तिने विचारलं असावं.

"छे गं," सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू आहेत की. आणि मध्ये जाहिराती नाहीत."