भिंतीचा आग्रह

विनय हा सद्गुण आहे यात शंका नाही. परंतु तो दुसऱ्याच्या वतीने दाखवावयाचा असेल, तर आधी त्या दुसऱ्यास विचारावे, एवढे बंधन मी पाळावयास हवे होते.

पत्रलेखनात माझा हात धरील असा नळदुर्गात कोणी नाही. म्हणूनच विरेशने पुण्याच्या कलादालनाशी करावयाचा पत्रव्यवहार माझ्यावर सोपवला. विरेश अतिवास्तववादी चित्रकार आहे. त्याच्या चित्रात ट्रकला माशाचे कल्ले फुटतात आणि तो किल्ल्याभोवतीच्या पाण्यात पोहतो. वडील शिवलिंगप्पा हमरस्त्यावर ढाबा चालवतात. त्यांनी त्याला बजावले होते, "यंदा प्रदर्शन झालं तर ठीक. न्हाय तर ब्रश ठेवायचा आन् गल्ल्यावर बसायचं."

दालनाच्या संचालिका अर्पिताबाईंनी लिहिले, "मुख्य भिंत आपल्याला देत आहोत."

आमच्याकडे पहिल्या वाढपाला कोणी हो म्हणत नाही. मी लिहिले, "एवढी मोठी भिंत कशास? कोपरा पुरे." आता त्या आग्रह करतील, या खात्रीने मी निर्धास्त झालो. त्यांनी कोपरा दिला! तेव्हा ताटावर हात आडवा धरावा तसे मी कळवले, "कोपराही आमच्या योग्यतेहून अधिकच." उत्तर आले, "आपल्या इच्छेचा मान राखून कोपरा दुसऱ्या चित्रकारास दिला आहे."

विरेशने ते पत्र दोनदा वाचले. "गुरुजी, लोक भिंतीसाठी पाया पडतेत, आन् तुम्ही परत केली?"

"अरे, तिसऱ्यांदा विचारल्यावर मी हो म्हणणारच होतो."

"पुण्यात दुसऱ्यांदा तरी कोण इचारतंय?"

परंतु निश्चय सोडणे माझ्या स्वभावात नाही. अर्पिताबाई तुळजापुरास देवीच्या दर्शनाला येणार असे समजताच मी त्यांना फोन करून ढाब्यावर जेवावयास बोलावले. विरेशचे ट्रकचे चित्र त्यांच्या समोरच टेकवून ठेवले. शिवलिंगप्पांनी शेंगाची पोळी वाढली. मग आणखी एक.

"नको, पुरे," त्या म्हणाल्या.

"पुरे कसं? अजून चव तरी कुठं घेतलीत?" शिवलिंगप्पांनी वर तूप ओतले.

"अहो, खरंच नको."

"लाजायचं न्हाय, बाई." तिसरी पोळी ताटात पडली.

मी हात जोडले. "बाई, इकडे नकाराचे वजन एवढेच असते. माझी पत्रे कृपा करून याच मापाने वाचावीत."

त्यांनी ताटाकडे पाहिले, मग पोहणाऱ्या ट्रककडे, आणि त्या हसू लागल्या. "मुख्य भिंतीचं अजून ठरलेलं नाही. विरेश, घेणार?"

"घेतो," मी तोंड उघडण्याआधीच विरेश म्हणाला.

शिवलिंगप्पा पुटपुटले, "गल्ल्यावर आता दुसरं कुणीतरी बघाया लागंल." पण चौथी पोळी त्यांनी लेकाच्या ताटात वाढली.

"आणि उद्घाटन गुरुजींच्या हस्ते करू," अर्पिताबाई म्हणाल्या.

मी सवयीने हात आडवा धरला. "छे, छे. माझी योग्यता ती काय? एखाद्या थोर कलावंतास बोलवा."

"बरं. आपल्या इच्छेचा मान राखते," असे म्हणून त्यांनी तिथूनच कुणा थोर कलावंतास फोन लावला.

उद्घाटनाच्या दिवशी मी मागच्या रांगेत बसेन. विरेशच्या ट्रकला सदैव पाणी मिळो, अर्पिताबाईंच्या भिंती भरलेल्या राहोत, आणि शिवलिंगप्पांचा वाढता हात कुणाच्याही 'नको'ने न थांबो.