आमूलाग्र बदल, आठ आठवड्यांत

माणूस बदलतो, हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण तो रविवारपर्यंत बदलेल का, हा प्रश्न पहिल्यांदा विद्यापीठाने विचारला.

आमचं विद्यापीठ आयोवात आहे असं म्हणतात. (मी सहा वर्षं तिथे नोकरीला आहे. इमारत एकदाच पाहिली. दार बंद होतं.) मी त्याच राज्यातल्या डब्यूक गावात एका लाँड्रीच्या वर राहतो आणि तिथून शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट करणाऱ्यांना ऑनलाइन 'गुणात्मक संशोधन' शिकवतो. म्हणजे आकडे मोजायचे नाहीत, माणसांशी बोलायचं. ती माणसं काय म्हणाली ते लिहून काढायचं. आणि मग ती खरं तर काय म्हणाली, ते त्यांना समजावून सांगायचं.

मी स्वतः डॉक्टर नाही. मी मदतकेंद्रावर होतो, पासवर्ड विसरलेल्यांना धीर द्यायचो. शिकवणाऱ्या बाई निवृत्त झाल्या तेव्हा असं लक्षात आलं, की अख्ख्या विभागात विद्यार्थ्यांशी प्रत्यक्ष बोललेला माणूस मी एकटाच. मग कोर्स मला दिला, तात्पुरता. विषय मी व्हिडिओ बघून शिकलो, दीडपट वेगाने. संशोधकाने आपले पूर्वग्रह कंसात ठेवावेत, असं त्यातल्या एका व्हिडिओत होतं. तेव्हापासून मी ठेवतो.

आमची पद्धत परिवर्तनाची. विद्यार्थ्याला नुसती माहिती द्यायची नाही, त्याची जगाकडे बघायची नजरच बदलून टाकायची. शास्त्राप्रमाणे याच्या दहा पायऱ्या आहेत आणि कोर्स आहे आठ आठवड्यांचा, त्यामुळे चौथ्या आणि सहाव्या आठवड्यात दोन-दोन पायऱ्या चढाव्या लागतात. दुसऱ्या आठवड्यात मुळापासून हादरायचं (दीडशे शब्द). तिसऱ्यात आत डोकावून अपराधी वाटून घ्यायचं. आठव्यात नवी नजर घेऊन आयुष्यात परत यायचं, संदर्भसूचीसह. उशीर झाल्यास आठवड्याला दहा टक्के गुण कापले जातात. घरात मृत्यू झाल्यास मुदतवाढ मिळते. मात्र तोच मृत्यू हादरा म्हणून वापरायचा असेल तर मिळत नाही. दोन्हीपैकी एकच.

निकाल उत्तम आहे. मागच्या सत्रात बावीस जण होते, त्यातले एकवीस आमूलाग्र बदलले. चौघांचे घटस्फोट आधीपासूनच चालू होते, ते आम्ही धरले. तिघींचा बदल शब्दशः सारखा निघाला. त्यांना नकलेबद्दल नोटीस गेली, आणि त्या नोटिशीने त्या इतक्या हादरल्या की तो दुसऱ्या आठवड्याचा हादरा म्हणून मान्य झाला.

राहिला बाविसावा. व्हर्लिन स्टुकी.

व्हर्लिन छप्पन्न वर्षांचा, कॅन्ससमधल्या एका लहान गावात प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक. हा कोर्स तो दुसऱ्यांदा घेत होता. पहिल्या वेळी त्याने हादऱ्याच्या जागी 'मला माझं काम आवडतं' असं लिहिलं होतं. शून्य. आता पुन्हा नापास झाला की डॉक्टरेटमधून कायमचा बाहेर, सहा वर्षांची मेहनत पाण्यात. निवृत्तीआधी दारावर 'डॉक्टर' लागावं, एवढीच त्याची इच्छा होती.

चौथ्या आठवड्यात मुलाखत असते. कामावरच्या एका माणसाशी पाऊण तास बोलायचं, बोलणं उतरवायचं, वाक्यांना रंग लावायचे, त्यातून तीन सूत्रं काढायची. मग ती त्या माणसाला दाखवायची आणि 'मी असंच म्हणालो' याखाली त्याची सही घ्यायची. सहीशिवाय कोर्स पूर्ण होत नाही.

व्हर्लिनने शाळेच्या स्वयंपाकीणबाई निवडल्या. आर्व्हेला जांत्झ, वय सहासष्ट. तीस वर्षं दर गुरुवारी पोरांना चिलीचा तिखट राजमा-रस्सा आणि दालचिनीचे रोल वाढणारी बाई. व्हर्लिन लहान असताना चर्चच्या रविवारच्या शाळेत तिनेच त्याला शिकवलेलं. व्हर्लिनने तिच्या बोलण्यातून 'उष्णतेशी वाटाघाट', 'वाफेतली ओळख' आणि 'अनुपस्थित वाऱ्याचं रूपक' अशी तीन सूत्रं काढली. मी अठ्ठ्याण्णव गुण दिले. (दोन समासासाठी कापले.)

आर्व्हेलाने सही केली नाही. उलट ती आमच्या पुढच्या व्हिडिओ कॉलवर स्वतःच येऊन बसली, केसांना जाळी, अंगात ॲप्रन.

"हे काय लिहिलंयस रे व्हर्लिन?"

"अगं, तुझंच म्हणणं आहे. जरा वर उचललंय."

"माझं म्हणणं एवढंच होतं, की शेगडीवरचा एक्झॉस्ट पंखा बंद आहे. चौदा महिने झाले."

"आलंय की ते. पान सहा. अनुपस्थित वारा."

"अनुपस्थित नाही रे, बंद. गेल्या आठवड्यात मला दोनदा चक्कर आली. ते कुठल्या पानावर आहे?"

व्हर्लिनने पानं चाळली. "ते... 'वाफेतली ओळख'मध्ये."

ती माझ्याकडे वळली, म्हणजे कॅमेऱ्याकडे. "आणि तू कोण, पोरा?"

"मी टोबिन. यांचा शिक्षक."

"तू? आधी दाढी तरी नीट येऊ दे. बरं, शिक्षक आहेस ना, मग सांग. 'पंखा बंद आहे' याचा अर्थ काय?"

मी म्हणालो, याचे अनेक अर्थ होऊ शकतात.

"पंख्याला सांगितलंस का हे?" असं म्हणून ती उठली. "मी जे बोललेच नाही त्याखाली मी सही करत नाही. चालले, माझे रोल करपतील."

ती गेल्यावर मी व्हर्लिनला सांगितलं की घाबरायचं कारण नाही. नकार हीसुद्धा माहितीच असते. 'प्रतिकार' असं चौथं सूत्र घाला.

"त्यावर ती सही करेल?"

"नाही. मग ते पाचवं."

व्हर्लिनने 'पाचवं' असं टिपून घेतलं. मग म्हणाला, "टोबिन, पण त्या पंख्याचं काय?"

"तो आपल्या अभ्यासाच्या कक्षेबाहेर आहे," मी म्हणालो. (हे मला कोणत्याही व्हिडिओने शिकवलं नव्हतं. माझं मलाच सुचलं.)

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. पंख्याचा अर्ज सापडला होता. आर्व्हेलाने तो तीनदा दिला होता, सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, फक्त एक बाकी होती. व्हर्लिनची. अर्ज त्याच्याच टेबलावर होता, मी वाचायला दिलेल्या एकशे चाळीस पानांच्या गठ्ठ्याखाली. विषय होता 'ऐकणे'.

"चौदा महिने," व्हर्लिन म्हणाला. "आणि रोज तिच्या हातचं जेवतोय रे मी."

मी अक्षरशः उडी मारली. "व्हर्लिन, हाच तुमचा हादरा! लिहून काढा. उशिराचे गुण कापूनसुद्धा पास व्हाल!"

"मी काय सांगतोय, ते ऐकतोयस का तू?"

"अहो, रेकॉर्ड करतोय!"

त्याने फोन ठेवला.

आठव्या आठवड्यात दीड हजार शब्दांचा परिवर्तन-निबंध यायला हवा होता. आली ती चार ओळींची ईमेल: "पंखा बसला. बसवेपर्यंतचे नऊ दिवस शेगडीपुढे मी उभा राहिलो, तिला खुर्चीवर बसवलं. आता कागद पुढे केला तर तिला तो सौदा वाटेल, म्हणून सही मागितलेली नाही. शिवाय ती म्हणते ते बरोबर आहे, ती तसं म्हणाली नव्हती."

मी गुणतक्ता उघडला. नव्या नजरेचा पुरावा: नाही. संदर्भसूची: नाही. सही: नाही. दहाही पायऱ्या माणूस चढून गेलेला दिसत होता, पण एकीचीही पावती नव्हती.

खरं सांगतो, तक्त्याच्या तळाशी एक चौकोन असतो, 'शिक्षकाचा निर्णय' नावाचा. तिथे टिचकी मारली असती तर व्हर्लिन पास झाला असता. पण तिथे टिचकी मारली की डीनच्या ऑफिसातून कारण विचारायला फोन येतो, आणि माझी नेमणूक दर आठ आठवड्यांनी नव्याने होते. मी बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत बसलो. मग शून्य दिलं. व्हर्लिन बाहेर.

या प्रसंगाने मी फार अस्वस्थ झालो. म्हणून त्यावर एक निबंध लिहिला, रंग लावले, तीन सूत्रं काढली. तो एका परिषदेत स्वीकारला गेला. शिस्तीप्रमाणे मी तो व्हर्लिनकडे सहीसाठी पाठवला. त्याने सही केली, फक्त एक दुरुस्ती करून. 'नियमांमुळे शून्य द्यावे लागले' हे वाक्य खोडून त्याने तिथे 'टोबिनने शून्य दिलं' असं लिहिलं. सहीबद्दल मी त्याचा आभारी आहे. दुरुस्ती शब्दमर्यादेमुळे काढून टाकावी लागली. मला कायम केलं आहे.

आता तुमचं. माझा राग आला असेल तर चांगली गोष्ट आहे, दुसरा आठवडा झाला. व्हर्लिनसाठी जीव हळहळला असेल तर तिसराही झाला. आणि तुमच्याकडे कुणाचं तरी एक साधंसं काम कधीपासून पडून आहे, ते आत्ता वाचता वाचता आठवलं असेल, तर तुमची प्रगती अपेक्षेपेक्षा जास्त आहे. त्याविषयी काय वाटलं ते तीनशे शब्दांत लिहा आणि रविवारपर्यंत पाठवा. ते काम मात्र करत बसू नका. त्याला गुण नाहीत.