दगडूअण्णांचं राहिलेलं वाक्य

काष्टीचे त्रिंबकतात्या शिवी मधेच तोडतात आणि बावन्न सेकंदांनी नेमकी त्याच अक्षरापासून पुढे चालू करतात.

माझ्या सायकलच्या दुकानापुढे एक बाक आहे, समोर शाळा. चाळीस वर्षं त्या बाकाच्या एका टोकाला तात्या आणि दुसऱ्या टोकाला दगडूअण्णा बसायचे. पक्ष वेगळे, भांडण रोजचं. तात्यांचा आवाज चढला की श्रीगोंद्यापर्यंतच्या म्हशी दूध चोरायच्या. अण्णा उत्तराला उठले की बाजारातले बैलसुद्धा आपसात दोन गट पाडून उभे राहायचे. हे मी स्वतः पाहिलंय.

पण शाळेत राष्ट्रगीत सुरू झालं की तात्यांच्या तोंडातला ‘देशद्रोही’ ‘देश’वरच थांबायचा. दोघं ताठ उभे. गीत संपलं की खाली बसता बसता तात्या म्हणायचे, “द्रोही.” एकदा अण्णांच्या नाकावर माशी बसली आणि अख्खं राष्ट्रगीत हलली नाही. तात्यांनी हात न हलवता, नुसते डोळे वटारून ती उडवली.

गेल्या वर्षी अण्णांचा मुलगा सुप्याहून टेम्पो घेऊन आला. तिथल्या कारखान्यात कामाला आहे, बापाला कायमचं न्यायला आलेला. अण्णा तर ऐन रंगात. “त्रिंबक, तुझा पुढारी म्हंजी निस्ता...” एवढ्यात राष्ट्रगीत लागलं. ते संपताच मुलानं घाईघाईनं अण्णांना टेम्पोत बसवलं. वाक्य तसंच राहिलं.

तेव्हापासून अण्णांच्या टोकाला कुणी टेकलं तरी तात्या उठवतात. “ती विरोधकाची जागा हाय.” त्यांची करमणूक म्हणून मीच एकदा त्यांच्या पुढाऱ्याला नावं ठेवून पाहिली. तात्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “ऱ्हाऊ दे. तुला न्हाई जमायचं.”

मात्र रोज राष्ट्रगीताच्या वेळी ते कुणाला तरी फोन लावून मोबाईल त्या रिकाम्या टोकावर ठेवतात आणि उभे राहतात. गीत संपलं की लगेच बंद. विचारलं तर म्हणाले, “शाळंचा आवाज कुठवर जातो ते बघतो.”

परवा त्यांचा गुडघा धरला, वाकता येईना. म्हणून गीत संपल्यावर मीच मोबाईल उचलून कानाला लावला. पलीकडे काठी टेकल्याचा आवाज आला. कुणीतरी उभं होतं, ते सावकाश खाली बसलं. मग अण्णा बोलले, “बसला का, त्रिंबक? तर तुझा पुढारी म्हंजी निस्ता...”

तात्यांनी माझ्या हातातून मोबाईल ओढला आणि बंद केला.

मी म्हणालो, “तात्या, वर्षभर वाट पाहिलीत. ऐकून तरी घ्यायचं.”

तात्या उपरण्यानं अण्णांच्या जागेवरची धूळ झटकत होते.

“फोनवरच संपलं,” ते म्हणाले, “तर मग त्यो हितं कशाला यील?”